बत्तीस दात, छप्पन्न देश

अभिनंदन! परदेशात जाऊन डेंटिस्ट व्हायचं तुम्ही ठरवलंत. तुम्ही म्हणजे तुमच्या बाबांनी, आणि तेही नीटचा निकाल लागला त्या रात्री. पण ठरलं हे महत्त्वाचं. माणूस न्यूयॉर्कचा असो की नागपूरचा, तोंडात दात बत्तीसच. मग शिकायला देश कुठलाही निवडला तरी काय बिघडतं, असं तुम्हाला वाटत असणार. वाटू द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच समजुतीवर उभ्या आहेत.

माझा अधिकार विचाराल, तर मी डॉक्टर नाही की कन्सल्टंट नाही. मी मामा आहे. माझ्या भाचीनं बारावीपासून आजतागायत जी जी कॉलेजं निवडली, सोडली आणि पुन्हा निवडली, त्या प्रत्येक बैठकीला मी हजर होतो आणि चहा माझ्याच घरी झाला. आपल्याकडे तज्ज्ञ व्हायला एवढं पुरतं.

१. आधी देश ठरवा

कॉलेज, अभ्यासक्रम, भाषा ही नंतरची कामं. देश ठरवण्याची खात्रीची पद्धत अशी : घरातल्या शेवटच्या लग्नाची आमंत्रणांची वही काढा आणि 'पत्रिका फक्त व्हॉट्सॲपवर' असा शेरा कोणाकोणापुढे आहे ते बघा. ती मंडळी परदेशात आहेत. चुलतभाऊ एडिसनला असेल तर तुमच्यासाठी अमेरिकेतलं दंतशिक्षण जगात भारी. मावशी मेलबर्नला असेल तर ऑस्ट्रेलियातलं. हे नातेवाईक बहुधा सॉफ्टवेअरमध्ये असतात. दातांबद्दल त्यांना एवढंच ठाऊक असतं, की तिकडे रूट कॅनॉल परवडत नाही, म्हणून डिसेंबरात पुण्याला आलं की दोन-तीन उरकून घ्यायचे. तरीही त्यांचा सल्ला अंतिम माना.

परदेशात कोणीच नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचा देश कन्सल्टन्सी निवडेल. रविवारी सकाळी एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार असतो. दारात सामोसा आणि फॉर्म, आत एसी आणि टाय लावलेला एक मुलगा. त्याच्याकडे 'शेवटच्या पाच सीट' उरलेल्या असतात. मागच्या वर्षीही पाचच उरल्या होत्या. अशाच एका सेमिनारात आमच्या दाजींच्या, म्हणजे भाचीच्या वडिलांच्या, हाती एक पत्रक पडलं : 'स्टोमॅटॉलॉजी, पाच वर्षे'. दाजींनी ते दोनदा वाचलं आणि नम्रपणे परत केलं. म्हणाले, "पोटाचं नको हो, आम्हाला दातांचं पाहिजे." रशिया-जॉर्जियाकडे दंतवैद्यकालाच स्टोमॅटॉलॉजी म्हणतात, ग्रीकमध्ये 'स्टोमा' म्हणजे तोंड, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. तोवर सामोसे पोटात गेले होते.

२. रँकिंगवर श्रद्धा ठेवा

क्यूएसची विषयवार यादी छापून घ्या आणि पहिल्या काही नावांवर पिवळा मार्कर फिरवा. वरच्या अंगाला ॲमस्टरडॅमचं ॲक्टा दिसेल, स्टॉकहोमचं कारोलिन्स्का दिसेल. ॲक्टात पदवीची पहिली वर्षं डचमध्ये शिकवतात आणि कारोलिन्स्कात स्वीडिशमध्ये. पण रँकिंगच्या तक्त्यात भाषेचा रकाना नसतो, तेव्हा तुम्हाला हे कळायचं कारण नाही. रँकिंग काय मोजतं? शोधनिबंध, त्यांचे संदर्भ, विद्वानांमधलं नाव. एका विद्यार्थ्यानं शिकता शिकता किती दाढा उपटल्या, हे ते मोजत नाही. ते मोजलं असतं तर आपली सरकारी डेंटल कॉलेजं कुठल्या कुठे गेली असती. तिथे सकाळी ओपीडी उघडायच्या आत गाल धरून बसलेली माणसं जिन्यापर्यंत असतात. इंग्लंडातल्या विद्यार्थ्याला हे सांगितलं तर त्याला हेवा वाटेल. त्याला सांगू नका, आणि स्वतःही विसरून जा.

३. पदवीच्या अक्षरांवरून किमान तीन महिने वाद घाला

अमेरिकेत काही कॉलेजं डीडीएस देतात, काही डीएमडी. यातली मोठी कुठली? हा प्रश्न फॅमिली ग्रुपवर टाका आणि फोन सायलेंटवर ठेवा. काकांच्या मते 'मेडिसिन' हा शब्द आहे ती मोठी. आत्याच्या मते 'सर्जरी' आहे ती.

कंटाळा आला की खरं काय ते सांगून टाका. बाल्टिमोरला १८४० साली जगातलं पहिलं दंत महाविद्यालय निघालं, त्यानं डीडीएस ही पदवी दिली. पुढे १८६७ मध्ये हार्वर्डनं आपलं कॉलेज काढलं. हार्वर्डच्या पदव्या लॅटिनमध्ये, आणि डीडीएस काही लॅटिनमध्ये नीट बसेना, म्हणून त्यांनी डीएमडी केलं. अभ्यासक्रम तोच, अधिकार तेच. दीडशे वर्षांपूर्वीच्या व्याकरणाच्या अडचणीवरून साताऱ्यात दोन घरांचं बोलणं बंद होतं, यावरून विद्येचा प्रसार किती दूरवर झाला ते दिसतं.

ब्रिटनमध्ये पदवी आपल्यासारखीच बीडीएस. फक्त एक जपा. तिकडे दंतवैद्यांना नावामागे 'डॉक्टर' लावायची मुभा १९९५ साली मिळाली. आपल्याकडे ती बारावीला बायोलॉजी घेतल्या दिवशी मिळते.

४. भाषेचं टेन्शन घेऊ नका

हंगेरी हा यासाठी आदर्श देश. बुडापेस्टच्या सेमेल्वाइस विद्यापीठात, शिवाय सेगेद, डेब्रेत्सेन आणि पेच इथे दंतवैद्यक इंग्रजीतून शिकवतात. पदवी युरोपीय संघात चालते. देशाला दातांची परंपरा आहे : ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं मोशोनमॉद्यारोवार हे छोटं गाव तर डेंटिस्टांसाठीच प्रसिद्ध आहे. शेजारच्या देशांतली माणसं स्वस्तात दात बसवायला तिथे येतात. कन्सल्टन्सीतला मुलगा इथवर सगळं खरं सांगतो. पुढचं तो सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही : प्राध्यापक इंग्रजी बोलतात, पेशंट हंगेरियन. तिसऱ्या-चौथ्या वर्षी खुर्चीवर बसलेल्या आजी "फाय ऑ फोगॉम" म्हणाल्या, तर त्या तुमची ख्यालीखुशाली विचारत नसून आपला दात दुखतोय म्हणून सांगताहेत, हे समजण्याइतकी हंगेरियन शिकावी लागते. व्हायव्हाला फाफलणारी मुलं आपण पाहिलीत. इथे पेशंटच व्हायव्हा घेतो.

जर्मनीची गोष्ट आणखी सरळ आहे. तिथे दंतवैद्यक जर्मनमध्येच. आधी भाषा शिका, मग बहुतेकांना विद्यापीठाच्या दाराशी तयारीचं एक वर्ष, आणि मग मोजक्या जागांसाठी स्पर्धा. आपण ज्याला दोन शब्दांत 'चूळ भरा' म्हणतो, त्याला ते 'बिटे आउसश्प्युलेन' म्हणतात. रूट कॅनॉलला 'वुर्त्सेलकानालबेहांडलुंग'. हा शब्द पूर्ण होईपर्यंत पेशंटला भूल चढलेली असते, असा त्याचा एक फायदा.

५. पैशांचा विचार पैसे संपल्यावर करा

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. ही माहिती घरात हळू आवाजात सांगा. आमच्या दाजींनी ऐकल्याबरोबर जर्मनी यादीतून काढून टाकली. म्हणाले, "फुकट आहे म्हणजे काहीतरी खोट असणार." त्यानंतर त्यांनी अमेरिकेचे आकडे पाहिले आणि त्यांना दर्जा म्हणजे काय ते कळलं. बीडीएस झालेल्या परदेशी डॉक्टरांसाठी तिकडे दोन-तीन वर्षांचा 'ॲडव्हान्स्ड स्टँडिंग' अभ्यासक्रम असतो. अनेक ठिकाणी त्याची वर्षाची फीच एक लाख डॉलरच्या घरात. रुपयांत ऐंशी लाखांच्या वर. राहणं, जेवणं, विमा वेगळा. हँडपीस आणि बाकीची हत्यारं पुष्कळ ठिकाणी वेगळी.

बँकेत जाताना सातबारा, फ्लॅटचं इंडेक्स टू, दाजींचं फॉर्म सिक्स्टीन आणि ताईचा चेहरा न्या. बँकेतले साहेब विचारतील, परतफेड कशी करणार? "दात काढून" असं उत्तर देऊ नका. मी दिलं होतं. त्यानंतर मला बँकेत नेलं नाही.

थोडक्यात, फी नाही तिथे भाषा येत नाही आणि भाषा येते तिथे फी झेपत नाही. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ते हेच. फक्त इथे दात दुसऱ्याचे आणि चणे बँकेचे.

६. दात मोजायला पुन्हा शिका

ही पायरी तांत्रिक आहे, म्हणून माझ्या तोंडावरून समजावतो.

बारावीनंतरच्या सगळ्या बैठका होऊन भाची बीडीएसला महाराष्ट्रातच एका कॉलेजात लागली. त्या पाच वर्षांत परदेश आमच्या घरात फक्त कॅलेंडरवर होता. तिसऱ्या वर्षाला तिचा कोटा पुरा होईना. म्हणजे अमुक इतकी कामं पेशंटवर करून सरांची सही घ्यायची असते, त्यातलं एक राहिलं होतं. नेमकी हवी तशी किडलेली दाढ मिळेना. रविवारी जेवणानंतर तिनं टॉर्च घेऊन माझं तोंड उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. "मामा, तुझ्या दाढेत काय मस्त क्लास टू आहे! कोणाला दाखवू नकोस हं, गुरुवारपर्यंत." गुरुवारी मी त्या खुर्चीत अडीच तास तोंड वासून होतो. ती थोडं कोरायची, थांबायची, सरांना शोधायला जायची. सर यायचे, आरशात बघायचे, "फ्लोअर अजून सरळ कर" म्हणून जायचे. ती पुन्हा कोरायची. चार सह्या झाल्या तेव्हा माझा जबडा आपणहून मिटत नव्हता. तिनं हातानं मिटवला.

तर ती दाढ उजवीकडची, खालची, पहिली मोठी. भारतात तिचा नंबर शेहेचाळीस : चौथ्या चतकोरातला सहावा दात. ऑस्ट्रेलियात आणि बहुतेक युरोपात हीच पद्धत. ब्रिटनमध्ये जुनी मंडळी काटकोनाच्या खुणेत नुसता सहा लिहितात. अमेरिकेत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून एक, दोन, तीन असं गोल फिरत बत्तीसपर्यंत मोजतात, म्हणून तिथे माझी दाढ तीस. आता कल्पना करा : आपल्याकडे "अठरा काढ" म्हटलं तर वरची उजवी अक्कलदाढ निघते. अमेरिकेत "अठरा काढ" म्हटलं तर खालची डावी, चांगली चावणारी दुसरी दाढ जाते. म्हणून देश बदलला की पहिले काही दिवस कशालाही हात लावू नका. तशीही तुम्हाला तिथे परवानगी नसते, ते पुढे येईलच.

७. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये आजी घाला

"लहानपणी आजीची कवळी पाण्याच्या ग्लासात पाहिली आणि मला माझं ध्येय सापडलं." बस. आजीला कवळी नसली तरी चालेल. आमच्या आजीचे सगळे दात नव्वदीत शाबूत होते, त्यामुळे तिनं निबंध ऐकून तीन दिवस अबोला धरला.

८. डायनिंग टेबलावर प्रयोगशाळा थाटा

बीडीएस करून अमेरिकेत जाणाऱ्यांना अनेक कॉलेजं 'बेंच टेस्ट'ला बोलावतात. पेशंट नाही, प्लास्टिकच्या दातांचा जबडा. त्यावर ठरलेल्या वेळात कॅव्हिटी कोरून दाखवायची, क्राउनसाठी दात घासून दाखवायचा, आणि परीक्षक तो मापून बघणार. खऱ्या माणसांच्या शेकडो दाढा भरलेली मुलगी प्लास्टिकवर सहा महिने सराव करते. का, ते विचारू नका. प्लास्टिकला लाळ नसते, ते हलत नाही, आणि ते "मॅडम, अजून किती वेळ?" विचारत नाही, त्यामुळे सवय मोडायला वेळ लागतो.

आमच्या घरी तो जबडा स्क्रूनं टेबलाच्या कडेला बसवला होता. वरणभाताच्या पातेल्याशेजारी. जळक्या प्लास्टिकचा वास आमटीला लागायचा आणि गुलाबी पांढरा भुगा लोणच्याच्या बरणीवर. धुणीभांडी करणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी तो जबडा बघून परत गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या आणि हळूच विचारलं, "ताई, माझी एक दाढ ठणकतीये, बघताय का?" भाची म्हणाली, "मावशी, एवढे दोन क्राउन होऊ द्यात." मावशी खऱ्या होत्या म्हणून थांबल्या.

शिवाय 'शॅडोइंग'चे तास जमवा. म्हणजे अमेरिकेतल्या डेंटिस्टच्या मागे कोपऱ्यात उभं राहून तो काय करतो ते बघायचं, आणि किती तास बघितलं याचं पत्र घ्यायचं. इथे स्वतःचा दवाखाना चालवलेल्या बाईनं तिकडे हाताची घडी घालून दुसऱ्याचं फिलिंग बघायचं. नम्रता अंगी येते. पाय दुखतात.

कॅनडाची मुलं या बाबतीत सुखी. तिथल्या डेंटलच्या प्रवेश परीक्षेत काही वर्षांपूर्वीपर्यंत साबणाची वडी कोरून आकार काढायला लावायचे. हाताची सफाई बघायला. तीही बंद केली. नाहीतर आमच्या टेबलाला निदान सुवास आला असता.

९. परवान्याबद्दल अवाक्षर काढू नका

आता गुपित. पदवी मिळणं वेगळं आणि त्या देशात दाताला हात लावायची परवानगी मिळणं वेगळं. हे प्रत्येक देशाच्या कायद्यात लिहिलेलं असतं आणि कुठल्याच सेमिनारात सांगितलेलं नसतं. तुम्हीही विचारू नका. सामोसा घशात अडकेल.

भारतातलं बीडीएस घेऊन ब्रिटनला गेलात, तर 'ओआरई' नावाची दोन टप्प्यांची परीक्षा असते. अवघड आहे, पण ती नंतरची गोष्ट. आधी तिला बसायला जागा मिळायला हवी. जागा सुटतात आणि काही मिनिटांत संपतात. आपल्याकडे तत्काळ तिकीट काढलेल्यांना हा अनुभव उपयोगी पडेल. आणि हे कुठल्या देशात? फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलला एक सरकारी योजनेतला दवाखाना नवे पेशंट घेणार म्हणून कळलं, तर शेकडो माणसं रस्त्यावर रांगेत उभी राहिली, पोलीस आले. एका रांगेत दातवाले, दुसऱ्या रांगेत डॉक्टर, आणि दोन्ही रांगा एकमेकींना भेटू नयेत अशी व्यवस्था.

ऑस्ट्रेलियात आधी लेखी, मग मेलबर्नला जाऊन पुतळ्यावर प्रात्यक्षिक. कॅनडात ज्ञानाची परीक्षा, मग निर्णयशक्तीची, मग ओटावाला जाऊन हाताची. अमेरिकेत पाचशे प्रश्नांची 'आयएनबीडीई' पास झालात तरी सहसा तिथलंच कॉलेज पुन्हा करावं लागतं, आणि परवाना राज्याराज्याचा वेगळा : न्यू जर्सीचा घेऊन हडसन नदी ओलांडलीत की न्यूयॉर्कात तुम्ही दात घासणारे सामान्य नागरिक. बाहेर शिकून भारतात परत आलात, तर आपल्याकडेही परदेशी पदवीधरांसाठी चाळणी परीक्षा आहे. यजमान म्हणून आपण कुठे कमी नाही.

काही आगाऊ मुलं हे सगळं उलट्या टोकाकडून वाचतात. आधी ठरवतात, आपल्याला जन्मभर राहायचं कुठे; मग त्या देशाच्या दंतपरिषदेची वेबसाइट उघडून बघतात, की तिथे कुठल्या पदव्या थेट चालतात. अमेरिका आणि कॅनडा एकमेकांच्या मान्यताप्राप्त कॉलेजांना मानतात. ब्रिटनची किंवा न्यूझीलंडची पदवी ऑस्ट्रेलियात चालते, आणि न्यूझीलंडात दंतवैद्यकाचं कॉलेज एकच आहे, डुनेडिनला, ओटागो विद्यापीठाचं, तेव्हा तिथे निवड करायचा प्रश्नच नाही. ही मुलं एका संध्याकाळी दोन तासांत सगळं संपवतात. त्यांच्या घरी बैठका होत नाहीत, चहा होत नाही, मामांना कोणी विचारत नाही. अशांच्या नादी लागू नका.

आमच्या भाचीनं तर अमेरिकेच्या बेंच टेस्टची सगळी तयारी केली आणि मग लग्न केलं. जावई मिसिसॉगाला. देश असा एका दिवसात ठरला, जेवणासकट. कॅनडाच्या पहिल्या दोन परीक्षा ती पास झाली आहे, तिसरीच्या तारखेची वाट बघते आहे, आणि तोवर एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. प्लास्टिकचा जबडा तिनं सोबत नेलाय. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली, "मामा, तोंड उघड. उजेडाकडे कर. अजून." मग बराच वेळ काही बोलली नाही. "मार्जिन अजून मस्त आहे रे," म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे जाणार आहे. तिथे माझी शेहेचाळीस नंबरची दाढ दुखली, तर ती मला अपॉइंटमेंट देऊ शकते.